छेदातला आकडा : मर्यादित आवृत्तीच्या छापचित्राची पारख आणि किंमत

मर्यादित आवृत्तीचे छापचित्र म्हणजे चित्रकाराने घडवलेल्या ठशावरून, आधी ठरवलेल्या संख्येइतक्याच काढलेल्या प्रतींपैकी एक प्रत. ठसा लाकडाचा किंवा लिनोलियमचा असतो, तांब्या-जस्ताच्या पत्र्याचा असतो, चुनखडीच्या दगडाचा असतो किंवा चौकटीवर ताणलेल्या जाळीचाही असतो. त्यावरून निघालेली प्रत्येक प्रत मूळ चित्रच मानली जाते, कारण तिच्यामागे दुसरे कुठले 'खरे' चित्र नसते. तांब्याचा पत्रा हे चित्र नव्हे. जाते म्हणजे काही पीठ नव्हे.

मूळ छापचित्र कोणते आणि नुसती नक्कल कोणती, हा फरक कायद्यालाही करावा लागला आहे. भारताच्या सीमाशुल्क दरसूचीतले ९७वे प्रकरण कलावस्तूंचे आहे. कलाकाराने संपूर्ण हाताने घडवलेल्या एका किंवा अनेक ठशांवरून थेट काढलेली, कृष्णधवल किंवा रंगीत छाप तेवढी मूळ छापचित्र, असे ते सांगते. पद्धत आणि साहित्य कोणतेही चालते. यांत्रिक किंवा छायाचित्रणावर आधारलेली प्रक्रिया मात्र चालत नाही. बाजार एवढा काटेकोर नाही. दुकानात आणि लिलावात 'लिमिटेड एडिशन प्रिंट' या एकाच नावाखाली हाताने कोरलेला ठसाही विकला जातो आणि संगणकाच्या फाइलवरून फवारलेली प्रतही. पारख करायची ती इथेच.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीच्या एका विषयावरून हे नीट उमगते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, नेसरीच्या खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. गडहिंग्लज तालुक्यातल्या या गावी त्यांचे स्मारक आहे. सात स्वारांचे चित्र कॅलेंडरांवर, शाळांच्या भिंतींवर, मंडळांच्या फ्लेक्सवर सतत भेटते. समजा, या विषयाची तीन चित्रे समोर आली. पहिले ऑफसेटवर हजारोंनी छापलेले पोस्टर. दुसरे कॅनव्हासवर काढलेली डिजिटल प्रत, मागे 'मर्यादित आवृत्ती' असे छापील लेबल. तिसरा लिनोलियमवर कोरून जाड सुती कागदावर उतरवलेला ठसा, खाली पेन्सिलीने १२/५० आणि सही. घोडे तिन्हींत तितकेच दौडत असतील, कदाचित पोस्टरमध्ये अधिक देखणे. तरीही छापचित्र म्हणून किंमत निर्विवाद फक्त तिसऱ्याला आहे. दुसऱ्याची ठरवताना बरीच विचारपूस करावी लागते. पहिल्याची किंमत कागदाइतकी.

महाराष्ट्राच्या छापील चित्रांच्या परंपरेत ही 'मर्यादा' तशी उशिरा आली. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग काढले तेव्हा हेतू उघड होता, जितक्या जास्त प्रती तितके चांगले. १८७८ साली पुण्यात निघालेल्या चित्रशाळेने देवदेवतांची आणि पेशवाईतल्या मुत्सद्द्यांची रंगीत चित्रे घरोघरी पोचवली ती याच हेतूने. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तो १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि पुढे मालक बदलूनही चालत राहिला. १९७२ च्या आगीत त्याचा शेवट झाला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीने देवघरे भरली. त्या छापांवर अनुक्रमांक नाहीत, चित्रकाराच्या हातची सही नाही. खालच्या पट्टीत छापखान्याचे नाव तेवढे असते. आज त्यांतल्या चांगल्या प्रतींना किंमत येते, कारण उरलेल्या प्रती थोड्या आहेत. धूप, ओल आणि दिवाळीची साफसफाई यांनी केलेली ही दुर्मीळता आहे. मर्यादित आवृत्तीत दुर्मीळता पहिल्या दिवशीच ठरवून, लिहून दिलेली असते. कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी रंगवलेल्या, शासनमान्य ठरलेल्या शिवरायांच्या चित्राची छापील प्रत सरकारी कचेऱ्यांतून दिसते. मूळ रंगचित्राचे मोल वेगळे, पण या प्रतींना मोजदादच नसल्याने छापचित्रांच्या बाजारात त्यांना जागा नाही.

ही लिहून दिलेली मर्यादा चित्राखालच्या समासात असते. प्रघात असा की डाव्या बाजूला अपूर्णांक, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि बहुधा साल. १२/५० मध्ये अंशस्थानी प्रतीचा क्रमांक आणि छेदस्थानी आवृत्तीची एकूण संख्या. नवखा ग्राहक अंशाकडे पाहतो आणि १/५० साठी जास्त पैसे मोजायला तयार होतो. खरे तर प्रती ज्या क्रमाने छापल्या त्याच क्रमाने सह्या होतात असे नाही. वाळलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून जो हाताशी येईल त्यावर पुढचा आकडा पडतो. महत्त्व छेदाला आहे. अपवाद ड्रायपॉइंटचा. त्यात सुईने तांब्यावर थेट ओरखडा काढतात, ओरखड्याच्या कडेला धातूची बारीक कूस उभी राहते, ती शाई धरते आणि रेषेला मखमली झाक देते. दाबयंत्राखाली ही कूस लवकर चेपते, म्हणून आरंभीच्या मोजक्या प्रती खरोखर सरस असतात.

अपूर्णांकाऐवजी कधी अक्षरे असतात. 'ए.पी.' म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती. त्या मूळ आवृत्तीच्या साधारण दहा टक्के असाव्यात असा संकेत आहे. 'पी.पी.' ही छापणाऱ्या कारागिराची प्रत. 'टी.पी.' म्हणजे छपाई जुळवताना काढलेली चाचणीची प्रत. 'बी.ए.टी.' ही फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे: जिच्याकडे पाहून चित्रकार 'आता अशीच छापा' म्हणतो ती एकमेव नमुनाप्रत. 'एच.सी.' म्हणजे विक्रीसाठी नसलेली, जी अर्थातच पुढेमागे विक्रीला येते. या जादा प्रती छेदात मोजलेल्या नसतात. ५० ची आवृत्ती, शिवाय २० ए.पी., १० एच.सी., त्याच चित्राची कॅनव्हासवर वेगळी ५० ची आवृत्ती आणि लहान आकारात आणखी १०० असे निघाले, तर जगात प्रती २३० आहेत आणि मालकाच्या हातातला छेद अजूनही ५० च सांगतो आहे. म्हणून पहिला प्रश्न 'क्रमांक कितवा' हा नसून 'एकूण सगळ्या मिळून किती' हा असतो, आणि त्याचे उत्तर छापणाऱ्या स्टुडिओच्या किंवा प्रकाशकाच्या नोंदीतच मिळते.

यानंतर भिंग. दहा पट मोठे दाखवणारे, सोनार वापरतात तसले भिंग पुरते. ऑफसेटच्या छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंचे ठिपके ठराविक कोनांत बसून फुलाच्या पाकळ्यांसारखी नक्षी करतात. एकदा ओळखली की ती नक्षी विसरता येत नाही. वर्तमानपत्रातल्या रंगीत जाहिरातीवर भिंग धरून सराव करता येतो. चित्राच्या रंगभागात ती दिसली आणि सही कितीही ठळक असली, तरी ते छायाचित्रावरून केलेले पुनर्मुद्रण आहे.

लाकडाच्या किंवा लिनोच्या ठशात शाई उंच भागावरून कागदावर दाबली जाते. त्यामुळे रंगाच्या कडेला शाईची किंचित जाड किनार उमटते आणि कागदाच्या पाठीवर बोट फिरवले तर दाब जाणवतो. एचिंगमध्ये नेमके उलटे घडते. पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यावर रेखाटतात, उघड्या पडलेल्या रेषा आम्लात कुरतडल्या जातात, शाई त्या खाचांत भरतात आणि वरचा पत्रा पुसून घेतात. ओलसर कागद दाबाखाली खाचांत शिरून शाई उचलतो, म्हणून रेषा कागदापेक्षा उंच, बोटाला लागेल अशी असते. चित्राभोवती पत्र्याच्या कडेची चौकोनी दाबखूणही उमटते. ही खूण मोठा पुरावा आहे, पण एकटी पुरेशी नाही. ऑफसेटच्या प्रतीवर कोरा पत्रा दाबून ती खोटी उठवता येते. तेव्हा खूण पाहून थांबू नये, रेषा उंच आहे का तेही पाहावे. कृष्णा रेड्डींनी पॅरिसच्या 'आतेलिए १७' या कार्यशाळेत विकसित केलेल्या पद्धतीत एकाच पत्र्यावर वेगवेगळ्या चिकटपणाच्या शाया एकाच वेळी चढतात. अशा छापांत कागदाचा पृष्ठभाग चक्क डोंगरदऱ्यांसारखा असतो आणि छायाचित्रावरून त्याची नक्कल करायला बसणाऱ्याची पंचाईत होते.

शिळाछाप तेल आणि पाण्याच्या वैरावर चालते. दगडावर चरबीयुक्त खडूने काढलेले चित्र शाई धरते, ओला दगड ती झिडकारतो. अशा छापात उंचसखलपणा नसतो. भिंगाखाली दगडाच्या रव्याचा अनियमित, रवाळ पोत दिसतो. रविवर्मा छापांतली रंगांची तुषारनक्षीही अशीच ओबडधोबड, हाताने ठिपके मांडल्यासारखी असते. आज नव्याने छापलेल्या 'जुन्या' रविवर्मा छापांत खालची छापखान्याच्या नावाची पट्टीसुद्धा ऑफसेटच्या ठिपक्यांतून बनलेली आढळते आणि बनाव तिथेच उघडा पडतो. जंबुपार दिव्याचाही उपयोग होतो. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने घालण्याची रीत १९५० च्या सुमारास पसरली. १९०० सालचा म्हणून विकला जाणारा कागद त्या दिव्याखाली निळसर झळाळला, तर पुढचे बोलणे संपते.

उरल्या दोन पद्धती, आणि आज भारतात मर्यादित आवृत्ती म्हणून जे विकले जाते त्यातला मोठा भाग याच दोहोंत येतो. सेरिग्राफी म्हणजे जाळीतून रंग ओढून केलेली छपाई. लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या छापणारे कारागीर ज्याला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात तीच. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, कधी पन्नासाहून अधिक. रंग सपाट, घट्ट आणि कागदावर थर देऊन बसलेला असतो. तिरप्या उजेडात थरांच्या पायऱ्या दिसतात. पंढरपुरात जन्मलेल्या आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून वर आलेल्या हुसेनांचे घोडे मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आले ते बहुतेक याच रूपात. अशा अनेक सेरिग्राफांत चित्रकाराने ठसा स्वतः घडवलेला नसतो; त्याच्या रंगचित्रावरून कारागीर जाळ्या पाडतात, चित्रकार मान्यता आणि सही देतो. ९७व्या प्रकरणाची व्याख्या ताणून लावली तर यांतले बरेच बाहेर पडतील. बाजार त्यांना आत घेतो, मात्र चित्रकाराने स्वतः केलेल्या एचिंगच्या रांगेत बसवत नाही. तसे पाहिले तर हा बाजाराचा शहाणपणाच आहे.

दुसरी पद्धत जिक्ले. शाईच्या फवाऱ्यावर चालणाऱ्या उंची प्रिंटरच्या छपाईला कॅलिफोर्नियातल्या जॅक डुगॅन यांनी १९९१ मध्ये फवारणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हे भारदस्त नाव दिले. भिंगाखाली ना पाकळ्यांची नक्षी दिसते ना शाईचा थर. फक्त अतिसूक्ष्म, विस्कटलेले तुषार. जिक्ले चांगल्या कागदावर, टिकाऊ रंगांत असू शकते आणि डिजिटल माध्यमातच काम करणाऱ्याचे ते अस्सल मूळ चित्रही ठरते. अडचण मर्यादेची आहे. तांब्याच्या पत्र्यावर आवृत्तीनंतर आडवेतिडवे ओरखडे मारून तो बाद करतात, दगड घासून कोरा करतात, लिनो तर पुढचा रंग कोरताना स्वतःच नष्ट होत जाऊ शकते. फाइलीला ओरखडा मारता येत नाही. तिथे छेदातला आकडा म्हणजे निव्वळ दिलेला शब्द, आणि त्याची पत शब्द देणाऱ्याइतकीच.

सही पाहावी ती शिसपेन्सिलीची. शिसे उजेडाने उडत नाही, कागदाला किंचित खोल दाबते आणि तिरप्या प्रकाशात राखाडी चमक देते; छापलेल्या सहीला यांतले काही जमत नाही. मूळ चित्रातली सही ठशातून प्रतीवर उतरलेली असेल तर तिला 'ठशातली सही' म्हणतात आणि तिने किंमत वाढत नाही. पण पेन्सिलीची सही खरी असूनही चित्र खोटे असू शकते. साल्वादोर दालींनी उतारवयात कोऱ्या कागदांच्या थप्प्याच्या थप्प्या आधीच सह्या करून ठेवल्या. त्यांवर पुढे काय छापले गेले यावर कुणाचाच ताबा राहिला नाही. त्या काळातल्या त्यांच्या छापांकडे जाणकार अजून संशयानेच पाहतात. म्हणून सहीला कागदाची, कागदाला ठशाची आणि ठशाला नोंदीची साथ लागते. चांगल्या सुती कागदाच्या कडेला उत्पादकाची पाणखूण असते. 'आर्श', 'समरसेट', 'हानेम्युले' ही नावे उजेडासमोर धरली की वाचता येतात. स्टुडिओचा शाईविना उठावाचा शिक्का बहुधा खालच्या कोपऱ्यात असतो. हे सगळे फ्रेमच्या काचेआडून दिसत नाही. फ्रेम उघडू न देणारा विक्रेता असेल तर पारख तिथेच थांबवावी.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. सोनेरी किनारीचा, 'अस्सल' म्हणणारा कागद कुणीही छापू शकतो. चित्रकाराने, स्टुडिओने किंवा प्रकाशकाने तंत्र, आकार, कागद, एकूण प्रती आणि छपाईचे साल लिहून दिले असेल तरच तो पुरावा. गॅलरीची जुनी पावती दिसायला सामान्य असली तरी पुष्कळदा त्याहून उपयोगी पडते.

किंमत ठरवायला सुरुवात होते नावापासून, आणि इथेच सर्वात मोठी गफलत होते. हुसेनांचे 'ग्रामयात्रा' हे १९५४ चे रंगचित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ३७ लाख डॉलरवर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. ही बातमी वाचून भिंतीवरच्या सेरिग्राफाकडे नव्या नजरेने पाहणारे बरेच निघतात. एकमेव रंगचित्र आणि काहीशे प्रतींपैकी एक छाप यांचे बाजार निराळे आहेत. एकात पूर आला म्हणून दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी त्याच मापाने चढत नाही. छापचित्राची तुलना छापचित्राशीच करायची. तेच चित्र, तीच आवृत्ती, जवळपास तीच अवस्था, आणि गेल्या तीनचार वर्षांतली विक्री. मुंबईतली सॅफ्रनआर्ट, अस्तागुरू, पुंडोल्स ही लिलावघरे झालेल्या विक्रीचे आकडे जाहीर करतात. आकडा वाचताना त्यात खरेदीदाराकडून घेतलेली जादा टक्केवारी धरली आहे का ते पाहावे. विकणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम त्याहून आणि वर स्वतःच्या दलालीनेही कमी असते. संकेतस्थळांवर मागितलेली किंमत ही फक्त मागणी असते. वर्षानुवर्षे न विकलेले चित्र तीच किंमत मिरवत राहते.

एकाच प्रतीला दोन किमती असू शकतात हेही ध्यानात ठेवावे लागते. विम्यासाठी धरतात ती आज गॅलरीतून तशीच प्रत घ्यायला लागणारी किंमत. वाटणीसाठी किंवा विक्रीसाठी धरतात ती लिलावात प्रत्यक्ष मिळेल ती, आणि दोहोंत सहज दुपटीचे अंतर पडते. गॅलऱ्या आवृत्ती संपत जाईल तशी उरलेल्या प्रतींची किंमत चढवतात, त्यामुळे सुरुवातीला घेतलेली प्रत कागदोपत्री महागलेली दिसते; ती खरोखर महागली का, हे दुसऱ्यांदा विकताना कळते. ज्या चित्रकाराच्या छापांना दुसऱ्यांदा विक्रीचा इतिहासच नाही, त्याच्या प्रतीचे मूल्यांकन म्हणजे गॅलरीच्या किमतीची पुनरुक्ती असते.

नावानंतर अवस्था. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या नेसरी-आजरा-चंदगड पट्ट्यात पावसाळ्यात भिंती ओल धरतात, आणि कागदाला याहून मोठा शत्रू नाही. ओलीने कागदावर तांबूस ठिपके उमटतात, बुरशी धरते, कसर लागते. बाहेरच्या भिंतीला टेकवून टांगलेल्या फ्रेमच्या मागून ही खराबी सुरू होते आणि पुढून दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. पण निम्मे नुकसान फ्रेमच्या दुकानात झालेले असते. चित्र हार्डबोर्डवर डिंकाने सपाट चिकटवणे, फ्रेममध्ये बसावे म्हणून समास कापणे, मागे चिकटपट्टी लावणे ही नेहमीची कामे. समासाबरोबर कधी क्रमांक आणि सहीही जाते. उरते ते पोस्टर. स्वस्त पुठ्ठ्यातले आम्ल चित्राभोवती तपकिरी चौकट जाळून ठेवते. योग्य रीत अशी: आम्लरहित माउंट, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावलेल्या, काच आणि कागद यांत अंतर, भिंत आणि फ्रेम यांतही अंतर. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणि उजेड ५० लक्सपर्यंत, हे संग्रहालयांचे माप घरात गाठणे अवघड. निदान उन्हाची भिंत आणि ओलीची भिंत टाळता येते. चिकटवलेले किंवा डागाळलेले चित्र घरी धुण्यापुसण्याच्या भानगडीत पडू नये. कागदाच्या जतनाचे तज्ज्ञ पुष्कळ काही सावरू शकतात. कापलेला समास मात्र त्यांनाही परत आणता येत नाही.

नेसरीसारख्या गावात बसून मूल्यांकन मागवायचे तर लिलावघरे छायाचित्रांवरून प्राथमिक अंदाज देतात. छायाचित्रे फ्रेमबाहेर काढलेल्या चित्राची हवीत: पूर्ण कागद चारही कडांसह, क्रमांक आणि सही जवळून, पाठीमागची बाजू, शिक्का किंवा पाणखूण, आणि प्रत्येक डाग न लपवता. सोबत चित्राचा आणि कागदाचा असे दोन्ही आकार सेंटिमीटरमध्ये, कारण एकाच चित्राच्या दोन आवृत्त्या बहुधा आकारावरूनच वेगळ्या ओळखता येतात.

प्रत विकत घेतली म्हणजे चित्र छापण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. तो चित्रकाराकडे आणि त्याच्यानंतर वारसांकडे मृत्यूपुढची ६० वर्षे राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रे आज कुणीही छापू शकतो. हुसेन २०११ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. सात स्वारांच्या त्या लिनोछापाची १२/५० ही प्रत ज्याच्या घरात आहे, तो ती भिंतीवर लावू शकतो, भेट देऊ शकतो, विकू शकतो. शिवजयंतीच्या फ्लेक्ससाठी तिचा फोटो मंडळाला द्यायचा असेल, तर आधी चित्रकाराला विचारावे लागते.